विरजणाचं निमित्त

“मी खाली गेले की थोडं थांब आणि मग सुरू कर,” दारात चपला घालता घालता अदितीनं शेखरला बजावलं. “मनसोक्त उड्या मारू दे त्याला. आवर म्हणायचं नाही.”

“आणि खालचे वर भांडायला आले तर?”

“तर बरंच. घर घ्यायच्या आधी कळेल.”

साडेतीन वर्षांचा गौरांग रिकाम्या हॉलच्या मधोमध उभा होता. जिथे उभं केलं, तिथेच. “मार रे उडी,” असं शेखर म्हणाला, तेव्हा त्यानं आधी आईकडे पाहिलं आणि मग फरशीकडे.

म्हणून तर हे सगळं चाललं होतं. जठारपेठेतल्या भाड्याच्या घरी गौरांग धावला की खालच्या मजल्यावरचे घरमालक झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. सुरुवातीला अदिती त्याला दटावायची. मग दटावावंच लागेना. पोरगा घरात चवड्यांवर चालायला शिकला. ‘किती शांत आहे हो,’ असं पाहुणे म्हणायचे, आणि ते कौतुक ऐकून अदिती विषय बदलायची.

फ्लॅट घेताना काय काय तपासावं, हे तिनं वाचून वाचून पाठ केलं होतं. सगळे नळ सोडून झाले. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार बघून झाला. पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून मे महिन्यात आपलं काय होणार, याचा अंदाज घेतला. कूलर कुठल्या खिडकीत बसेल, तेही ठरलं. सगळं पसंत होतं. फक्त खाली कोण राहतं ते बघा, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि एजंट गोपाल तर संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगा म्हणून मागे लागला होता.

विरजण मागितलं की माणूस कळतो, असं अदितीची आई म्हणायची. अदितीनं खालची बेल दाबली.

दार पार्बताबाईंनी उघडलं. वय साठीच्या पुढे. मूळच्या चांदूर बाजारच्या, हे त्यांनी नाव सांगतानाच सांगून टाकलं.

“काकू, थोडं विरजण मिळेल का? आम्ही वरचा फ्लॅट बघायला आलोय.”

“घर पाहाले आली अन् विरजण मांगून राहिली?” पार्बताबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “दूध कुठी हाय तुह्यं?”

“दूध घरी आहे. म्हणजे, दूध आहे. विरजण संपलंय.”

“बस. उभी काहून हायेस?”

पार्बताबाई पुन्हा तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. अदिती समोर टेकली. नजर त्यांच्या चेहऱ्यावर, कान छताकडे.

धप्प.

परातीतले दाणे हलले. पार्बताबाईंची भुवईसुद्धा हलली नाही.

धप्प. धप्प.

छताचा पंखा थरथरला. पार्बताबाईंनी पुढची शेंग उचलली.

“काकू, तुम्हाला… आवाजाचा वगैरे त्रास होत नाही ना?”

“कायचा आवाज?”

अदितीच्या जिवात जीव आला. बाई एक तर देवमाणूस होती, नाही तर कानानं अधू. दोन्ही चालण्यासारखं होतं.

आणि मग अशी एक उडी आली की भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट डोललं. अदिती चेहरा वाचायचं विसरली. तिचा चवड्यांवर चालणारा पोरगा! इतक्या जोरानं तो आयुष्यात कधी उडाला नव्हता. तिचे डोळे भरून आले, ते तिनं ओढणीनं टिपले.

“लेकरं किती वो तुले?” पार्बताबाईंनी विचारलं.

“एकच. मुलगा आहे. साडेतीन वर्षांचा.”

पार्बताबाईंचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच वर छताकडे पाहिलं.

“साडेतीन?”

“हो.”

“तब्येतीनं बरा हाय,” असं म्हणून त्या विरजण आणायला आत गेल्या.

अदितीला तेवढाही धीर निघाला नाही. “आलेच हं काकू,” असं ओरडून ती जिन्याकडे धावली. उड्या मारणारा गौरांग तिला बघायचा होता.

वरचं दार उघडंच होतं. हॉलच्या कोपऱ्यात शेखरच्या जॅकेटवर गौरांग गाढ झोपला होता. आणि हॉलच्या मधोमध, बूट काढलेला, शर्ट बाहेर आलेला, घामानं निथळणारा भरभक्कम शेखर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता.

“तो नाहीच म्हणाला,” शेखर कसाबसा बोलला. “खालचे काका ओरडतील म्हणाला आणि झोपूनच गेला. मग म्हटलं, तू तिथे जाऊन बसलीयेस, परीक्षा तर झाली पाहिजे.”

हसावं की रडावं, हे अदितीला कळेना. तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज आला.

पार्बताबाई जिना चढून आल्या होत्या. हातात झाकलेली वाटी होती. त्यांनी झोपलेल्या गौरांगकडे पाहिलं. मग शेखरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेखरनं मुकाट्यानं शर्ट खोचला.

“विरजण विसरली तू,” वाटी अदितीच्या हातात देत त्या म्हणाल्या. “वाटी माही हाय. राहाले आली की वापस देजो. अन् पोट्टं कुदलं तं कुदू देजो, मले चालते. याले तेवढं आवर.”