चुलीमागचं पाणी

"हे कुणी ठेवलं?"

तेओदोसियाने सरपणाच्या मागून मातीची वाटी ओढून काढली. वाटीत काठोकाठ पाणी होतं. गार, नितळ, आत्ताच ओतलेलं.

तिची सून नेलिदा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

"मी नाही हं, आई."

"मी तुझं नाव घेतलं का?"

कोपऱ्यात तेवीस गिनीपिग वाळकं गवत कुरतडत होते. बावीस तेओदोसियाचे, सणावारी भाजायचे. तेविसावा पांढराशुभ्र, नेलिदाने माहेराहून शालीत गुंडाळून आणलेला. याला कधी भाजायचं नाही, या अटीवरच ती लग्नाला उभी राहिली होती. आल्या दिवशीच तिने विचारलं होतं, "यांची पाण्याची वाटी कुठंय?" घरभर हशा पिकला होता.

गिनीपिगला पाणी! एक्केचाळीस वर्षांपूर्वी तेओदोसिया सून म्हणून या घरात आली, तेव्हा तिच्या सासूने, असुंता आजीने, पहिला धडा हाच दिला होता. पाणी दाखवायचं नाही, पोट फुगून मरतात. तेओदोसियाने कधी थेंब दाखवला नाही. आणि तिच्यासारखे गुबगुबीत गिनीपिग साऱ्या डोंगरात कुणाकडे नव्हते. इथल्या डोंगरात पाऊस नसतो त्या ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत शेजारणींचे वाळून जायचे, हिचे मात्र लोण्याचे गोळे.

"शनिवारी तुमच्या घरावर छप्पर चढतंय," तेओदोसिया म्हणाली. "सासूने सुनेला गिनीपिगची नर-मादीची जोडी द्यायची, ती सगळ्या गावासमोर. पण जिला ऐकायचं नाही तिला मी जोडी देणार नाही. मग पेटव तुझी चूल परक्यासारखी."

नेलिदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूच्या जोडीशिवाय पेटलेल्या चुलीला गावात कुणी घर म्हणत नसे.

तेओदोसिया तणतणत बाहेर गेली. असुंता आजी भिंतीशी उन्हात लोकर कातत बसली होती. सत्त्याऐंशी वर्षांची. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून तिचं जेवणसुद्धा तिथेच न्यावं लागे.

"कुणीतरी पाणी पाजतंय त्यांना!"

"अगं बाई," आजी म्हणाली. "ताजं होतं का?"

"ताजं, झऱ्याचं. वाटीसुद्धा घासलेली."

"मग चोर नीटनेटका आहे." आजीने चातीला गिरकी दिली. "पोरीवर ओरडलीस वाटतं?"

"ओरडू नको तर काय करू? आज पकडतेच तिला."

पकडायची युक्ती साधी होती. गिनीपिग माणूस ओळखतात. ज्याच्या हातून रोज काही मिळतं, त्याची पावलं वाजली की शिट्ट्या मारतात. पहाटे ओढ्याकाठचा लसूणघास कापून तेओदोसिया दारात आली की घर दणाणून जायचं.

दुपारी तिने सूप चुलीवरून उतरवून ठेवलं आणि कोपऱ्याजवळ बसली.

"बाहेर जा, नेलिदा. वाटी घेऊन आत ये."

"आई, खरंच मी..."

"ये म्हटलं ना!"

नेलिदा आत आली. कोपऱ्यात चिडीचूप. पांढऱ्यानेही नुसते कान हलवले.

तेओदोसियाच्या कपाळावर आठी पडली. तिने मुलाला बोलावलं. विल्बर दणादण पावलं टाकत आला, तसे तेवीसच्या तेवीस सरपणाखाली गुडूप.

"मला बघून पळाले," विल्बर हसला. "म्हणजे मी निर्दोष. आता जेवायला दे, भुकेने मीच शिट्टी मारीन."

नेलिदा फिस्सकन हसली. तेओदोसियालाही हसू आलं असतं, पण मग पाणी कुणाचं? चुलीपाशी येणारं चौथं माणूस तरी कोण होतं?

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "सूप देणार आहात की मी आता वरच जाऊन जेवू?"

काठी टेकत, पाय घासत कुणीतरी दाराकडे येत होतं. दार अजून उघडलंही नव्हतं आणि कोपऱ्यातून एक शिट्टी निघाली. मग दुसरी. मग तेवीसच्या तेवीस. पांढरा तर उड्या मारत थेट उंबऱ्यापाशी जाऊन मागच्या पायांवर उभा राहिला.

असुंता आजीने आत पाऊल टाकलं. सगळ्यांची तोंडं उघडी पाहून ती क्षणभर थबकली, मग सावकाश वाकून तिने पांढऱ्याच्या नाकावर बोट फिरवलं.

"अशी काय बघतेस, तेओदोसिया?" ती म्हणाली. "चूल दिली, किल्ल्या दिल्या, लेकसुद्धा दिला तुला. तेवढ्या पाण्याच्या शिट्ट्या एक्केचाळीस वर्षं माझ्याकडे ठेवल्या होत्या."