गाळायचं फडकं

नऊ वाजता सहा जण दूध प्यायला येणार आहेत, हे सासऱ्यांनी आठ वाजता सांगितलं. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणारी सगळी टोळी. सूनबाईंच्या हातचं बदामाचं दूध प्यायचं आणि ते कसं करतात तेही पाहायचं, असं ठरलं होतं म्हणे. कुणी ठरवलं, ते विचारायची सोय नव्हती.

ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेच्या हातातला कप तिथल्या तिथे थांबला. घरात भिजवलेला एक बदाम नव्हता. ओट्याखालच्या कपाटात, जुन्या इस्त्रीच्या मागे, दुकानातल्या बदामाच्या दुधाचे चार खोके मात्र होते.

डॉक्टरांनी सासऱ्यांचं दूध बंद केलं तेव्हा असाच खोका पहिल्यांदा घरात आला होता. त्यांनी भिंग घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली. डिंक, घट्ट करणारं अमुक, फाटू न देणारं तमुक. चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात काढलेला माणूस तो. "हे सगळं आम्ही भिंतीच्या रंगात घालायचो. ते मी पोटात घालू?" म्हणाले आणि खोका मोरीत रिकामा केला. त्यावर नवरा पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणाला होता, "घरी करेल ती." त्याचं काय जात होतं!

केलं तिने. आठ महिने पहाटे उठून बदाम सोलणं, वाटणं, फडक्यात घालून पिळणं, आणि मग कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर कापडाच्या थप्प्या कापणं. मनगट सुजायला लागलं. ज्या दिवशी हातातून कात्री सुटली, त्या संध्याकाळी येताना तिने खोका आणला. एकच दिवस, म्हणून. दुसऱ्या दिवशी सासरे दूध प्यायले आणि म्हणाले, "आज काय झकास झालंय!" झालं, तिथेच ती अडकली. तीन आठवडे ती पहाटे नुसत्या पाण्यावर मिक्सर फिरवत होती, घराला ऐकू जावा म्हणून, आणि खोक्यातलं दूध रोजच्या बाटलीत ओतून ठेवत होती. झोप नाही ती नाहीच. वर सासरे जरा पोट चोळताना दिसले की आपणच म्हाताऱ्याला रंग पाजतोय, असं वाटायचं.

"बाबा, आज नको," ती म्हणाली. खाली वाकून तिने एक खोका काढला आणि ओट्यावर ठेवला.

सासऱ्यांनी खोका पाहिला. नवरा आत झोपला होता, म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग फ्रिजमधली रोजची बाटली काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"घरचं दूध तासाभरात वेगळं होतं. वर पाणी, तळाला गाळ," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन आठवडे तळाला काही बसलेलं नाही. रंगवाल्याला हे सांगावं लागतं का?"

पण पिण्याआधी ते बाटली रोज खळाखळा हलवायचे, तळाला गाळ बसल्यासारखी. एक दिवस चुकला नव्हता. तिला ते आता आठवलं.

"मग बोलला का नाहीत?"

झाकण फिरवत ते तुटक तुटक सांगायला लागले. घरचं दूध घशाला खरखरीत लागायचं, पण तुला कसं सांगणार. तुझं मनगट दिसत होतं. आता हे आवडायला लागलंय, आणि रोज पिताना धाकधूकही होते. पण त्या सहा जणांना आपणच खोक्याच्या दुधाबद्दल घाबरवून सोडलंय. आता कोणत्या तोंडाने त्यांच्याबरोबर फिरायला जायचं?

सुनेला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिच्या मनगटाचं या घरात पहिल्यांदाच कुणी नाव काढलं होतं. चला, सुटलो एकदाचे, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

सासऱ्यांनी कोपऱ्यातलं गाळायचं फडकं उचललं. न वापरून ते कडक झालं होतं. त्यांनी ते नळाखाली धरलं, पिळलं, त्यावर खोक्यातलं दोन चमचे दूध शिंपडलं आणि गॅलरीत सगळ्यांना दिसेल असं वाळत घातलं.

"लवकर आटपलं म्हणू," ते म्हणाले. "पुन्हा कधीतरी बघा म्हणू."

नऊला सहा जण आले. प्यायले. गॅलरीतल्या ओल्या फडक्याकडे बघून माना डोलावल्या. दुकानातल्या दुधाला ही चव कुठली, असं निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, आणि बाकीच्यांनी री ओढली. सून ट्रे घेऊन दाराशी उभी होती. पोस्टमास्तरांनी पेला ट्रेमध्ये ठेवला, पण ते हलेनात.

"आमची ही आजारी आहे, तुम्हाला माहीतच आहे," ते सासऱ्यांना म्हणाले. "बाजारचं काही घेतलं की तिला दिवसभर उठवत नाही. घरचंच द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. रोज एक बाटली तिच्यासाठी जास्त झाली तर फार उपकार होतील."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरची भरलेली बाटली उचलली आणि खळाखळा हलवली, रोजच्यापेक्षा जास्त वेळ.

"करेल ती," ते म्हणाले.