चारशेच्या वर

मिनोवा तोकिएच्या वाट्याला तीन नंबरची गाडी आली, तेव्हा रांगेतला शिओता हसला.

"झालं. मिनोवासान, आज दुपारचं जेवण घरीच."

"हसू नकोस. माझ्यानंतर तूच आहेस, त्याच गाडीवर."

शिओताचे हसू मावळले. तो पाव पोचवण्याचे काम करी आणि मोठ्या मोटरसायकलच्या लायसनसाठी परीक्षेची ही त्याची नववी खेप होती. तोकिएची चौदावी. परीक्षा केंद्रावर साडेसातशे सीसीच्या तीन गाड्या होत्या आणि तिसरी कुणालाच नको असे. तिच्यावर पास झालेला माणूस कुणी पाहिला नव्हता.

तोकिएच्या लायसनवर शिक्का होता : चारशे सीसीपर्यंत. वडिलांमागे गॅरेज तीच चालवत होती आणि गॅरेजात येणाऱ्या निम्म्या गाड्या चारशेच्या वरच्या. इंजिन उघडायचे तिने, जोडायचे तिने. रस्त्यावर चालवून बघायची मात्र गिऱ्हाइकाने. तो चक्कर मारून येई आणि म्हणे, "तिसऱ्या गिअरला काहीतरी कुरकुरतंय, ताई." काय कुरकुरतंय ते त्याला सांगता येत नसे आणि तिला ऐकायला जाता येत नसे. अकरा वर्षे असेच चालले होते.

गाडीपाशी जाऊन तिने मान वळवली आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहिले. बसण्याआधी मागून कुणी येत नाही ना, हे बघायचे. मैदान मोकळे असले तरी बघायचे. न बघता बसलेल्यांचे गुण वरच्या काचेच्या खोलीत लगेच कापले जात. तिथे परीक्षक कुरामोची बसे. तिला तेरा वेळा नापास केले होते ते त्यानेच, दर वेळी एका वाक्यात कारण सांगून.

वळणे झाली. एकदम थांबून दाखवायचे होते, तेही झाले. मग फळी आली. फूटभर रुंद, पंधरा मीटर लांब. दहा सेकंदांच्या आत पार केली तर गुण कमी, चाक खाली घसरले तर तिथेच नापास. तोकिए अर्ध्या क्लचवर मुंगीच्या पावलाने निघाली. सहाव्या सेकंदाला तिच्या डाव्या हाताच्या बोटांना काहीतरी टिचल्यासारखे जाणवले. आवाज झाला नाही. क्लचच्या तारेचा एक पदर तुटला होता.

अशा शेकडो तारा तिने बदलल्या होत्या. एक पदर गेला की बाकीचे फार वेळ टिकत नाहीत.

अकराव्या सेकंदाला ती फळीवरून उतरली. हात वर करून थांबता आले असते. मग आजच दुसरी गाडी मिळणार की दीड महिन्याने दुसरी तारीख, हे कुरामोची ठरवणार. आणि कुरामोची कुणासाठी जिना उतरल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते.

पुढचे गिअर तिने क्लचला हात न लावता, इंजिनाचा सूर ऐकून टाकले. समोर सिग्नल लाल होता. तिने लांबूनच वेग उतरवला आणि गाडी अशी रेंगाळत नेली, की ती पोचेपर्यंत तो हिरवा झाला. शंकूंची रांग दुसऱ्या गिअरमध्ये पार पडली. राहिली शेवटची रेघ. तीस मीटर अलीकडे तिने क्लचची लिव्हर ओढली, तर ती लुळी पडली. तोकिएने पायाने हलकेच न्यूट्रल शोधला आणि ब्रेक दाबला. पुढचे चाक रेघेवर थांबले. इंजिन चालू होते.

भोंग्यातून आवाज आला. "मिनोवासान. थांबताना क्लच दाबला नाही."

तिने वर बघून लिव्हर दोनदा दाबली. ती पोकळ खुळखुळली.

कुरामोची जिना उतरून आला. रांगेतले सगळे उठून उभे राहिले.

"कधी तुटली?"

"पहिला पदर फळीवर गेला. शेवटचा आत्ता, त्या खांबापाशी."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबले असते तर परत निघता आलं नसतं, साहेब."

त्याने तारेची टोके बोटांवर घेऊन बघितली. मग हातातला कागद बघितला.

"सिग्नलला तुमचा अंदाज चांगला होता, असं लिहिलंय मी."

तोकिएने इंजिन बंद केले.

"ते खोडणार नाही," तो म्हणाला. मग तेरा वेळा नापास म्हणाला होता त्याच आवाजात म्हणाला, "पास."

तिने कमरेत वाकून नमस्कार केला. सरळ झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा : "नवी तार आहे का इथे? आणि दहाचा पाना?"

दोन्ही मिळाले. ती गाडीपाशी उकिडवी बसली. शिओता तिच्या डोक्यावर येऊन उभा राहिला.

"नीट बसवा हो, ताई. पुढचा मी आहे."

"उजेड सोड."

बारा मिनिटांत तार बसली. तिने लिव्हर दाबून सोडली, पान्याने पाव फेरा पिळला, पुन्हा दाबली. हात पँटला पुसले, गाडी सरळ उभी केली आणि हँडल शिओताच्या पुढे केले.

"जा, एक चक्कर मारून ये. कुठे अडतंय का ते सांग."

शिओताने हात पुढे केला आणि तसाच थांबला. कुरामोची जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता. मागे न वळता तो म्हणाला,

"शिओतासान अजून चारशेपर्यंतच आहेत."

तोकिए हँडल धरून उभी राहिली. मग तिने मान वळवली आणि उजव्या खांद्यावरून मागे पाहिले. मागे सगळी रांग उभी होती. तिने टांग टाकली.