मूळची मशीन

मस्तगडच्या गेमच्या दुकानातली मोटारींच्या शर्यतीची जुनी मशीन फक्त कडूबाच्या लाथेनं चालू व्हायची. हरला की डोकं फिरून तो मशीनला लाथा घालायचा, त्यातूनच ती नेमकी जागा त्याला सापडल्ती.

सायबर कॅफे निघाल्यापासून गिऱ्हाईक आटलं, म्हणून दुकानमालक रामकिसननं मशीन विकायला काढली. मंग आपण खेळायचं कुठं, या विचारानं कडूबाला जेवण जाईना.

पुण्याहून एक साहेब आले. त्यांना जुन्या मशिनी गोळा करायचा शौक. सिगारेटीनं जळालेलं स्टेअरिंग बघून त्यांचे डोळेच भरून आले. "मला सगळं मूळचं पाहिजे. जसंच्या तसं."

"मंग ह्या कडूबालाबी घेऊन जा," रामकिसन हसत म्हणला. "याच्या लाथेबिगर ती चालू व्हत न्हाई."

साहेब हसले न्हाईत. "येतोस का रे?"

कडूबा कधीचाच टेम्पोत चढल्ता. आता रोज फुकट खेळायला भेटणार!

बंगल्यावर पाहुणे जमले. कडूबानं बराबर लाथ घातली, मशीन घुरघुरली, टाळ्या पडल्या. त्यानं झपकन स्टेअरिंगकडं हात नेला.



"ए, हात नाही लावायचा!" साहेब किंचाळले. "तू फक्त लाथ मार."