बोरूची बांधी

“काड्या झाल्या, काड्या! आता गाडता का चुलीत घालता?” शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसून तंबाखू मळता मळता शेजारचा भैय्याजी पुटपुटला. आवाज बारीक, पण वामनरावांच्या कानापर्यंत बरोबर पोचेल एवढा.

वामनरावांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. समोर बोरू, हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग, छातीइतका उभा होता, पिवळ्या फुलांनी लगडलेला. तो खायचाही नव्हता की विकायचाही नव्हता. फुलं दिसली की नांगराखाली घ्यायचा, आठ-दहा दिवस चिखलात सडवायचा आणि त्यावर धान रोवायचं. मग युरियाची एकच बॅग पुरते, जमीनही मऊ राहते. हे सगळं श्रीधरनं पत्रातून कळवलं होतं. शहरात, सदरला, खताच्या दुकानात नोकरी करता करता पोरगा शिकला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘फुलावर आला की मी येतो. मीच गाडीन.’

फुलं येऊन पंधरा दिवस झाले होते. तिकडे पऱ्ह्यातलं, रोवणीसाठी वाफ्यात वाढवलेलं धानाचं रोप वाढून वाकायला लागलं होतं. आणखी चार दिवस गेले तर बोरूही वाया, धानही वाया.

श्रीधर येणार नाही, हे वामनरावांना पक्कं ठाऊक होतं. फुलं दिसताच, आखाडात, ते स्वतः त्याला आणायला गेले होते. सुनेनं, जयानं, नवऱ्यासाठी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला होता. सदरच्या त्या खोलीत एक बाई होती. दोरीवर दुपटी वाळत होती. पाळण्यातल्या पोराचं नाक तर थेट वामनरावांचं. श्रीधरनं मान वर केली नाही. वामनराव पाणीही न पिता उठले. दारात त्या बाईनं आत नेलेला डबा परत दिला, तो त्यांनी न उघडता तसाच पिशवीत कोंबला. युरियाची बॅग घेऊन पारशिवनीला उतरले आणि घरी येऊन जयाला म्हणाले, “सुट्टी नाही भेटली त्याले. गाडायले येतेच म्हने.”

भैय्याजीचा जावई सदरलाच असतो, तेव्हा गावाला कळायला वेळ लागला नाही. जया दिसली की मात्र सगळे पाऊसपाण्यावर बोलत. आणि वामनराव आपल्याच थापेत अडकून पडले. श्रीधरची वाट न पाहता आपणच नांगर घातला की जयाला सगळं कळणार. कळलं की ती माहेरी जाणार. घरात ती सोडून दुसरं माणूस नव्हतं.

तेवढ्यात घंट्या वाजल्या. भैय्याजीच्या तळहातावरची तंबाखू चिखलात पडली.

जया येत होती. लुगडं वर खोचलेलं, पुढे बैलजोडी, जुवावर नांगर. त्या गावात बाईनं नांगराला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. लावला तर पाऊस पाठ फिरवतो म्हणत.

“अवं, काय करून राहिली तू?” वामनराव ओरडले. “श्रीधर येऊन राहिला ना!”

ती बांधीत, बोरूच्या त्या खाचरात, उतरली. फाळ रुतवला. बोरू कडाकडा मोडत आडवा झाला, फुलं चिखलाखाली गेली. नांगराचं पहिलं तास वाकडं गेलं, पण धुऱ्यापर्यंत पोचलं.

“थांब पोरी! त्याचं काम हाय ते!”

जयानं बैल थांबवले. तोंडावरचा चिखल पदरानं पुसला.

“तुमी आनला तो डबा रिकामा नव्हता, मामाजी.”

“कोनता डबा?”

“लाडवाचा. कोनाचा डबा रिकामा धाडू नये, ही रीत तिनंबी पाळली. चार लाडू होते. डिंकाचे.” तिच्या आवाजात राग नव्हता. “भर आखाडात डिंकाचे लाडू बाळंतिणीच्याच घरी असते. पंधरा दिवस मीबी वाटच पाहून राहिली होती, तुमी कधी सांगता म्हनून. ते येत नाही आता, मामाजी. धरा नांगर.”