स्वतःच्या पायावर

“हेल्मेट जरा वर कर की. चेहरा दिसला पाहिजे,” कॅमेरावाला म्हणाला.

“चेहरा दाखवला तर डोळे जातील,” चिमी म्हणाली आणि वेल्डिंगच्या सरांकडे बघून हसली. सरही हसले. वर्गात पहिल्या दिवशी तेच वाक्य त्यांनी तिला ओरडून सांगितलं होतं.

शाळेत मिळणाऱ्या धंदेशिक्षणाची फिल्म काढायची होती. ती बघून पुढच्या वर्षी मुलं आली नाहीत, तर वेल्डिंगचा वर्ग बंद होणार, हे मुख्याध्यापिकाबाईंनी सरांच्या कानावर घातलं होतं. “तुमच्या वर्गात पहिली आलेली ती मुलगी बोलवा. मुलगी असली की छाप पडते.” सरांनी फोन केला, आणि चिमी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून आली.

तिनं हेल्मेट खाली ओढलं, रॉड टेकवला. शाळा संपल्यापासून तिनं रॉडचा होल्डर हातात धरला नव्हता. सर पाठमोरे उभे राहून नुसता आवाज ऐकत होते. आवाज कुठं अडखळला नाही. मग तिनं हातोडीनं वरचा काळा पोपडा ठोकून काढला. खाली शिवणीसारखी एकसारखी रेघ निघाली.

“झकास!” कॅमेरावाला म्हणाला. “आता दोन शब्द बोल. सध्या कुठं आहेस कामाला?”

“कपड्यांच्या दुकानात.”

“तिथं वेल्डिंग?”

“घड्या घालते. गिऱ्हाईक मोडतं, मी परत घालते.”

कॅमेरावाल्यानं बाईंकडे पाहिलं, बाईंनी सरांकडे. सरांनी खिडकीकडे पाहिलं. चिमीला घेऊन ते स्वतः वर्कशॉपवाल्यांचे उंबरे झिजवून आले होते. एक म्हणाला, आमच्याकडे बायकांची सोय नाही. दुसरा म्हणाला, पोरांचं कामावरचं लक्ष उडेल. तिसरा तर सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं वाकून नमस्कार केला, चहा पाजला आणि नाही म्हणाला.

“दुकानाचं आपण घ्यायलाच नको,” कॅमेरावाला समजुतीनं म्हणाला. “तू एवढंच म्हण, शाळेनं मला कामाचं शिक्षण दिलं, आज मी स्वतःच्या पायावर उभी आहे.”

चिमी सरांकडे वळली. मग म्हणाली, “सर, म्हणू?”

सरांना वाटलं, आता नाही म्हणावं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाकावर यंदाची पोरं ओळीनं बसली होती. त्यांच्यात वेण्या घातलेल्या दोघी होत्या, आणि त्या चिमीकडे तोंड उघडं ठेवून बघत होत्या.

“म्हण बाळा,” सर म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

“म्हणते. तसं खोटं नाहीच ते,” चिमी म्हणाली. “दुकानात दिवसभर उभीच असते. बसू देत नाहीत.”

कुणीच हसलं नाही. कॅमेरा सुरू झाला. चिमीनं केस कानामागं सारले आणि सगळं वाक्य एका दमात, न अडखळता म्हणून दाखवलं. बाईंनी टाळी वाजवली. बाकावरच्या त्या दोघींनी सगळ्यात जोरात वाजवली.

सगळे चहाला गेले. चिमी हातमोजे काढून ठेवायची ती तशीच उभी राहिली.

“सर, अजून एक रॉड जाळू? दुकानात संध्याकाळपर्यंत गेलं तरी चालतंय.”

“जाळ की. विचारतेस काय!”

तिनं भंगाराच्या पेटीतून हाताला येतील ते तुकडे उचलले. एक रॉड संपला, दुसरा संपला. तिनं विचारायचं सोडून दिलं. सर जवळ गेले तेव्हा टेबलावर काहीतरी वेडंवाकडं वाढत चाललं होतं. ना खुर्ची, ना जाळी, ना कशाचा सांगाडा.

“काय बनवतेयस गं?”

“काही नाही सर. नुसतं जोडतेय.”

दारातून बाईंचा आवाज आला, “सर, उरका आता! कुलूप लावायचंय.”

चिमीनं हेल्मेट पुन्हा खाली ओढलं. सर मेन स्विचपाशी गेले. दांड्यावर हात ठेवला, पण तो खाली न ओढता पाठ फिरवून तसेच उभे राहिले.