धवला घराघरांत

‘लग्नविधीत गायला जाणारा आगरी धवला या चित्रपटाने घराघरांत पोहोचवला,’ असे दिग्दर्शकाला दिलेल्या मानपत्रात नमूद आहे. विधान खरे आहे. पोहोचल्यावर त्या घरांत काय झाले, एवढेच नमूद नाही.

चाळीस वर्षे धवले गाणाऱ्या बामाबाईंचा आवाज दिग्दर्शकाने गळफास घेणाऱ्या नवरीच्या दृश्यावर लावला. त्यानंतर त्यांना एकाही मांडवातून बोलावणे आले नाही. उरले होते सख्ख्या नातीचे लग्न.

तिथे बामाबाईंनी पहिली ओळ धरली आणि हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“आजे, तू नको गाऊ,” पाटावरची नात रडवेली झाली. “माझ्या डोल्यांसमोर ती टांगलेली पोरच येते.”

“बरं, बाय,” म्हणत बामाबाई उठल्या आणि मांडवाबाहेर जाऊन बसल्या. हळद मुकाट्याने उरकली.

सत्कारानंतर मी दिग्दर्शकांना विचारले, हे मंगलगीत आहे, हे आपल्याला ठाऊक नव्हते काय? ते प्रसन्न हसले. त्यांचे उत्तर शब्दशः देतो : “ठाऊक होतं ना! म्हणूनच तर घेतलं. तिथे रडगाणं लावलं असतं, तर कोणाच्या लक्षात राहिलं असतं?”